दुसरा पंख

माझ्या भावोजींना बदक ओळखता येत नाही, असं मी नाक्यावर जाऊन सांगितलं तर तिथले शिकारी मलाच वेड्यात काढतील. तळ्याच्या त्या रस्त्यावरून गेली कित्येक वर्षं एकही रानबदक भावोजींच्या नजरेखालून गेल्याशिवाय कुणाच्या स्वयंपाकघरात पोचलेलं नाही. शिकारी त्यांना 'पंखशास्त्री' म्हणतात, थोडं चेष्टेनं आणि बरंचसं धास्तीनं. तरी मी म्हणते ते खरं आहे. मेलेल्या बदकाचा पंख समोर ठेवा, भावोजी चुटकीसरशी सांगतील. जिवंत, अख्खं, पाण्यात पोहणारं बदक दाखवा, की त्यांची गाडी अडलीच म्हणून समजा.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. मी त्यांच्याच घराच्या वरच्या खोलीत राहते. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकते, त्यामुळे माझी जीभ जरा तिखट झाली आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आमच्या तळ्यात दोन जातींची रानबदकं आहेत. एक देशी, म्हणजे इथलीच, मूळची. ती इतकी कमी झाली आहेत की त्यांना मारायला आणि पाळायला, दोन्हींना बंदी आहे. दुसरी परकी, कधीकाळी कुणा हौशी मंडळींनी बाहेरून आणून सोडलेली. ती एवढी माजली की हंगामात हवी तेवढी मारा, असं सरकारच सांगतं. पंचाईत अशी की दोन्हींच्या माद्या दिसायला अगदी सारख्या, तपकिरी आणि ठिपक्याठिपक्यांच्या. फरक असतो पंखात. पंख उघडला की मधे निळसर हिरवा, चकाकता पट्टा दिसतो. परक्या बदकाच्या पट्ट्याला वर एक आणि खाली एक अशा दोन पांढऱ्या रेघा असतात, देशीला फक्त खालची. म्हणून नियम असा, की बदक तळ्यावरच सोलून साफ केलं तरी चालेल, पण नाका ओलांडेपर्यंत एक पंख पिसांसकट ठेवायचा. डावा ठेवा नाहीतर उजवा, पण एक ठेवायचाच. त्या पंखावरून माणूस सुटतो किंवा अडकतो.

मग उडत्या बदकाच्या रेघा शिकाऱ्यानं मोजायच्या कशा, असं मी एकदा विचारलं होतं. भावोजी म्हणाले, खात्री नसेल तर बंदूक खाली ठेवायची. भावोजींची सगळी उत्तरं अशीच सरळ असतात.

नाका म्हणजे रस्त्याकडेची पत्र्याची शेड. आत जस्ती पत्रा ठोकलेलं टेबल, एक नळ, एक वजनकाटा, खिळ्याला लटकवलेले रबरी हातमोजे आणि ओल्या पिसांचा कधीच न जाणारा वास. शिकारी येतो, बदक टेबलावर उताणं ठेवतो, डोकं स्वतःकडे आणि पाय भावोजींकडे. भावोजी कपाळावरचा चष्मा खाली घेतात, राहिलेला पंख दोन बोटांनी पसरतात, आणि 'परकी, जा' किंवा 'देशी, बाजूला थांबा' एवढंच म्हणतात. समोर कोण उभं आहे ते बघतही नाहीत.

ते तिथे लागले होते टेबल धुवायला. तेव्हाच्या म्हाताऱ्या तपासनिसाचे डोळे गेले, आणि तो पोराला विचारायला लागला, बघ रे, रेघा किती? रेघा सांगता सांगता पोरगा तपासनीस झाला. बदकांबद्दलचं त्यांचं सगळं शिक्षण असं टेबलावर झालेलं, एकेका पंखावर. ताईचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होते. नवे भावोजी बदकांतले तज्ज्ञ म्हणून मी हट्टानं त्यांना तळ्यावर घेऊन गेले, आणि पाण्यातली बदकं दाखवून विचारलं, ह्यातली देशी कुठली? ते काठावर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, पंख उघडल्याशिवाय कसं सांगणार? मला वाटलं, थट्टा करताहेत. पुढे कळलं की भावोजींना थट्टा येतच नाही.

एक पंख बघायची सवय त्यांच्या हाडामासात गेली आहे. टोमॅटो एका बाजूनं बघून पिशवीत टाकतात, आणि घरी आल्यावर दुसरी बाजू सडकी निघते. नवा शर्ट घेताना एकच बाही चढवून बघतात. आम्हां बहिणींचं भांडण झालं की जी आधी बोलेल तिचं त्यांना पटतं, म्हणून मी नेहमी आधी बोलते. पण माणूस धुतल्या तांदळासारखा. एकदा त्यांचा सख्खा चुलतभाऊ बदक घेऊन आला. परकीच आहे रे, मी दोन्ही रेघा बघून मारलीय, असं शपथेवर सांगत होता. राहिलेल्या पंखावर रेघ एकच होती. भावोजींनी त्याचा परवाना रद्द केला आणि बंदूक जमा करून घेतली. तेव्हापासून चुलतभावानं आमच्या घराची पायरी चढलेली नाही. ताईनं पुष्कळ त्रागा केला. भावोजींचं म्हणणं एकच, भावासाठी वेगळा नियम छापलेला नाही.

आता पाहुणीबद्दल सांगते. तळ्याकाठचं गवत यंत्रानं कापताना एक घरटं चिरडलं गेलं. त्यातलं एकच अंडं शाबूत राहिलं. गवत कापणाऱ्याला वाईट वाटलं असावं. ताईकडे कोंबडी खुडूक बसली आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणून ते अंडं रुमालात गुंडाळून तो आमच्या मागच्या दारी आला. ताईनं आधी नाक मुरडलं आणि मग ते कोंबडीखाली सरकवून दिलं.

माझी ताई काही जनावरांवर जीव टाकणारी बाई नव्हे. कोंबड्या ठेवते त्या अंड्यांसाठी, आणि त्यांच्याशी बोलते ते दटावण्यापुरतं. पण ते पिल्लू बाहेर आलं आणि कोंबडीला सोडून ताईच्याच मागे लागलं. ताई दोरीवर कपडे वाळत घालायला निघाली की हे पायात. ताई भाजी निवडायला बसली की हे मांडीला टेकून. 'आली बघ पाहुणी,' असं ताई वैतागून म्हणायची, आणि तेच नाव पडलं. एकदा मी हसले, तर ताई म्हणाली, 'तुला नाही कळायचं. लग्न झाल्यापासून ह्या घरात मेलेल्या पक्ष्यांचा वास आहे. ह्यांचे कपडे, ह्यांचे हात, ह्यांची उशीसुद्धा. जिवंत पक्षी पहिल्यांदा आला.'

 वर्षानुवर्षं एका घरात राहून हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

ही देशी की परकी, असं मी भावोजींना दोनचारदा विचारलं. भावोजींनी काम घरी आणायचं नाही, हे कारण पुढे केलं. मला वाटतं, त्यांना बघायचंच नव्हतं. देशी निघाली असती तर पाळायला बंदी. त्यापेक्षा पंख मिटलेला बरा. भावोजींनी आयुष्यात एवढी एकच डोळेझाक केली असेल. तीही त्यांना पचली नाही, कारण हंगामाच्या तोंडावर नवा हुकूम आला.

हुकूम असा होता. देशी आणि परकी बदकांचा संकर फार वाढला आहे आणि मूळची जात बुडायला आली आहे. म्हणून ज्यांच्या घरी रानबदकं आहेत त्यांनी ती नाक्यावर आणून दाखवावीत. देशी असेल ते राखीव तळ्यात सोडलं जाईल. परकी आणि मिश्र, दोन्ही मारली जातील. वरची रेघ पुसटशी दिसली तरी पक्षी मिश्र. तपासणीची रीत नेहमीचीच, एका पंखाची.

भावोजी स्वतः गल्लीबोळांतून फिरून लोकांना हे सांगत होते. घरी आले तेव्हा पाहुणी ताईच्या चपलेवर बसली होती. ताईनं विचारलं, 'मग आपलं काय?'

'आपलंही दाखवायचं,' भावोजी म्हणाले.

ताईनं हातातली भाजी खाली ठेवली आणि पाहुणीला उचलून मांडीवर घेतलं. आत्ताच बघा म्हणाली, काय ते एकदा कळू दे. भावोजींनी चष्मा खाली घेतला. त्यांच्या बाजूला पाहुणीचा उजवा पंख होता. तो त्यांनी दोन बोटांनी पसरला. पट्ट्याखाली पांढरी रेघ होती, वर काही नव्हतं. स्वच्छ देशी. भावोजींचा चेहरा असा उजळला, की आता ते हसतात की काय असं मला वाटलं. ताईचे डोळे भरून आले. पाहुणी जाणार हे नक्की झालं होतं, पण जिवंत राहणार हेही नक्की झालं होतं. राखीव तळं काही फार लांब नाही, असं मी म्हणाले. ताईनं मान हलवली आणि तिला खाली सोडलं. खाली उतरल्याबरोबर पाहुणीनं अंग झाडलं आणि दोन्ही पंख पसरले.

डाव्या पंखाच्या पट्ट्यावर वरही रेघ होती.

मी बघितलं. ताईनं बघितलं. भावोजी तर तिथेच उकिडवे बसले. ताईला पुन्हा पाहुणीला धरायला लावून त्यांनी उजवा पंख उघडला, तिथे एक. डावा उघडला, तिथे दोन. पुन्हा उजवा बघितला, पुन्हा डावा. पाहुणी वैतागून त्यांच्या बोटाला चावली. भावोजींना त्याचं भानच नव्हतं.

'असं नसतं,' ते म्हणाले. जरा वेळानं परत तेच म्हणाले, पण आवाज खाली आला होता. 'मी कधी बघितलंच नाही. दुसरा पंख असतोच कुठे माझ्यासमोर?'

त्या दिवसापासून भावोजींचं डोकं भणभणायला लागलं आणि त्यांनी माझंही भणभणवलं. मी जिना चढायला लागले की ते खाली उभे. एक पंख देशी आणि एक परका असेल तर पक्षी कोण? मी म्हटलं, मिश्र, आणखी कोण. मग म्हणायचे, पण नियमाप्रमाणे एकच बघायचा, आणि उजवा बघितला तर ती देशी आहे. मी म्हटलं, मग उजवा दाखवा आणि मोकळे व्हा. नियम तुमचा, पंख तिचा, खोटं कुठे बोलताय तुम्ही?

'माहीत नसतं तर दाखवला असता,' ते म्हणाले. 'आता मला माहीत आहे ना.'

 आम्हांला कार्यालयात असल्या प्रश्नांची सवय नाही. नळाला पाणी येतं किंवा येत नाही.

नाक्यावरच्या पहारेकऱ्यालाही त्यांनी विचारून पाहिलं. तो म्हणाला, नियमात नाही तो पंख बघायचाच कशाला, नसती उठाठेव. हे भावोजींना पटलं, आणि संध्याकाळपर्यंत पटेनासं झालं. मिश्र पक्षी राखीव तळ्यात सोडला तर तो तिथल्या उरल्यासुरल्या देशी बदकांत मिसळणार. पुढच्या सगळ्या पिल्लांत ती वरची रेघ उतरणार. ज्यांना वाचवायला इतकी वर्षं टेबलापाशी उभे राहिलो त्यांनाच आपल्या हातानं बुडवायचं. आणि हे करायचं नसेल तर पाहुणीला मारायला द्यायचं. इकडे आड तिकडे विहीर. मी म्हटलं, एका बदकानं काय तळं बुडतंय? ते म्हणाले, प्रत्येक शिकारी हेच म्हणतो.

सगळ्यात वाईट म्हणजे त्यांना मागचं आठवायला लागलं. इतकी वर्षं 'देशी, बाजूला थांबा' म्हणून ज्यांना अडकवलं, त्यांच्या बदकांचे दुसरे पंख तळ्याकाठच्या चिखलात पडलेले होते. त्यांच्यावर काय होतं कुणाला माहीत? एकदा आम्ही अंगणात बसलो असताना ते मधेच म्हणाले की चुलतभाऊ शपथ घेत होता. त्यानं उडताना दुसरी बाजू पाहिली असेल का, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. मला त्यांचा राग येत होता, कारण ताई रोज थोडी थोडी वाळत चालली होती आणि हा माणूस भूतकाळातले पंख मोजत बसला होता. आणि त्यांची कीवही येत होती. एकाच वेळी एका माणसाचा राग आणि कीव आली की वागायचं कसं, ते मला अजून जमलेलं नाही. मी जेवणात त्यांना चपाती वाढायचे आणि वर टोमणाही मारायचे.

ताई मात्र त्यांना काहीच बोलली नाही. भांडली नाही, रडली नाही, उजवा दाखवा असंही म्हणाली नाही. तिनं फक्त एकदा, मी वर जायला निघाले तेव्हा, मला विचारलं, 'कुठला दाखवतील गं?' मी म्हटलं, तुला माहीत नाही, तर मला कुठून असणार? ती म्हणाली, 'चुलतभावाच्या वेळी माहीत होतं मला. आताही माहीतच आहे.' आणि ती पाहुणीसाठी पाणी भरायला गेली. 

दाखवायच्या दिवशी सकाळी आम्ही तिघं नाक्यावर गेलो. पाहुणी झाकणाच्या टोपलीत. शेडबाहेर खोकी, पिशव्या आणि टोपल्या घेऊन माणसं उभी होती आणि सगळ्यांतून पक पक चाललं होतं. वरच्या कार्यालयातून आलेल्या बाई टेबलापलीकडे, जिथे एरवी शिकारी उभा राहतो तिथे, खुर्ची टाकून बसल्या होत्या. पंख भावोजी उघडून दाखवत होते आणि निकाल बाई देत होत्या. टेबलाच्या एका बाजूला राखीव तळ्याचा पिंजरा होता आणि दुसऱ्या बाजूला झाकलेला डबा. त्या डब्याकडे ताईनं एकदाही पाहिलं नाही.

आमच्या आधी बहुतेकांची जुनी, पेंगुळलेली बदकं होती. पाय बांधून, उताणी करून आणलेली. भावोजी नेहमीच्या हातानं पंख पसरत होते. मग आमची पाळी आली. ताईनं टोपली उघडली आणि पाहुणीला पायांवर टेबलावर उभं केलं. तिचे पाय बांधायला ताई तयार नव्हती. पाहुणीचं तोंड बाईंकडे, शेपटी भावोजींकडे. ताई तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

'कुणाचं हे?' बाईंनी विचारलं.

'माझंच,' भावोजी म्हणाले.

बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चष्मा कपाळावरच राहिला होता. तो खाली घ्यायचं त्यांना सुचलं नाही. त्यांचे दोन्ही हात टेबलाच्या कडेवर होते. बाई थांबल्या. रांगेतलं कुणीतरी खोकलं. मग भावोजींनी उजवा हात पुढे केला, पाहुणीचा त्या बाजूचा पंख दोन बोटांनी धरला आणि पसरला.

रेघ एक.

'देशी,' बाई म्हणाल्या. 'पिंजऱ्यात ठेवा. पुढचं आणा.'

 ताईनं पाहुणीला उचललं, एकदा गालाशी धरलं आणि स्वतःच पिंजऱ्यात सोडलं. पाहुणी आतून जाळीला चोच लावून तिच्याकडे बघत राहिली. भावोजी मात्र टेबलाशी तसेच उभे होते आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. पुढच्या माणसानं त्याचं बदक टेबलावर आपटलं तेव्हा कुठे ते भानावर आले.

घरी परतताना ताई माझा हात धरून चालत होती. रडत होती आणि मधेच हसतही होती. भावोजी काम संपवून मागून येणार होते. वाटेत ती थांबली आणि म्हणाली, 'इतक्या वर्षांत ह्या माणसानं माझ्यासाठी एक गोष्ट वाकडी केली नव्हती. सख्ख्या चुलतभावाला सोडलं नाही. आज केली. बघितलास ना त्यांचा चेहरा? किती जड गेलं असेल त्यांना.' मी हो म्हटलं. मलाही तसंच वाटत होतं, आणि इतके दिवस मारलेल्या टोमण्यांची लाज वाटत होती.

भावोजी आले ते घरात न शिरता मागच्या अंगणात जाऊन बसले. ताई आत चहा ठेवत होती. मी बाहेर गेले आणि पाहुणी तळ्यावर पोचली का विचारलं. सोडलं, म्हणाले. पोहत गेली आणि दुसऱ्या बदकांत मिसळली, मग कुठली ती आपल्याला ओळखू येईना. मी म्हटलं, भावोजी, आज तुम्ही मोठं काम केलंत. ताईला जिंकलंत.

त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं.

'मी डावा उघडणार होतो,' ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी जमिनीवर बोटानं रेघा ओढून मला दाखवलं. टेबलावर बदक उताणं येतं. उताण्या बदकाचा डावा पंख त्यांच्या उजव्या हाताला असतो, वर्षानुवर्षं. आमची पाळी यायच्या आधीच त्यांनी ठरवलं होतं, खरं तेच दाखवायचं, डावा. ते डावा म्हणूनच उजव्या हाताकडे गेले. पण पाहुणी उताणी नव्हती. ती पायांवर उभी होती. उभ्या बदकाचा उजव्या हाताचा पंख उजवाच असतो.

'पायांवर उभं बदक मी कधी त्या टेबलावर हाताळलं नव्हतं गं,' ते म्हणाले. 'रेघ एकच दिसली तेव्हा मला कळेना, हे काय झालं. तोंड उघडायचं होतं. बाई पुढचं आणा म्हणाल्या. तुझ्या ताईनं तिला उचललं होतं.' त्यांनी जमिनीवरच्या रेघा पुसल्या. 'पण मग मी ओरडून का नाही सांगितलं? वेळ होता मला. तेही मला कळत नाही. हात चुकला, की मीच चुकवला?'

 माझ्या डोळ्यांपुढे ताईचा चेहरा होता, रस्त्यात थांबून बोलणारा. हा माणूस ताईची पाहुणी मारायला द्यायला निघाला होता, आणि ताई त्याच्या पाया पडायची बाकी होती. मला त्यांचा इतका संताप आला की उठून जावंसं वाटलं, आणि उठवेना, कारण ते खरोखरच लहान मुलासारखे गोंधळून माझ्या तोंडाकडे बघत होते. ताईला सांगू का, एवढंच ते मला पुन्हा पुन्हा विचारत होते. खोटं मनात ठेवून एका घरात राहायचं कसं, हे त्यांना माहीतच नव्हतं. मी म्हटलं, मला विचारू नका. ह्या बाबतीत मी आधी बोलणार नाही.

तेवढ्यात ताई चहा घेऊन बाहेर आली. आम्हां दोघांना कप दिले आणि भावोजींच्या शेजारी पायरीवर बसली. तशी ती कधी बसत नाही, वास येतो म्हणून चार हात लांब बसते. आज अगदी खांद्याला खांदा लावून बसली.  मग खाली बघतच ताईनं विचारलं, 'अहो, खरं सांगा. मुद्दाम उघडलात ना तो पंख?'

भावोजींनी कप बशीत ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं. चुलतभावाच्या तोंडावर नियम सांगणारा हा माणूस आता तोंड उघडणार आणि सगळं सांगून टाकणार, असं मला वाटलं.

'हो,' भावोजी म्हणाले. 'मुद्दाम.'

ताईनं त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि मांडीवर ठेवला, जिथे पाहुणी बसायची. त्या हाताला अजून नाक्याचा वास येत होता. तिनं तो सोडला नाही. चहा निवत होता, तरी भावोजी दुसऱ्या हातानं कप उचलायला धजले नाहीत.